इरावती कर्वे

इरावती दिनकर कर्वे (जन्म : म्यिंज्यान, ब्रह्मदेश, १५ डिसेंबर १९०५, मृत्यू : पुणे, ११ ऑगस्ट १९७०) या मराठी मानववंशशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ आणि लेखिका होत्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात समाजशास्त्र व मानववंशशास्त्र विभागाच्या त्या प्रमुख होत्या. सर्वसामान्य मराठी वाचक त्यांना 'युगान्त'च्या लेखिका आणि ललित निबंधकार म्हणून ओळखतो. मात्र त्यांच्या आयुष्यातील फार मोठा काळ एका वेगळ्याच प्रश्नाच्या शोधात गेला. माणसाच्या शरीरावर दिसणारी लक्षणे त्याच्या वंशाविषयी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या आनुवंशिक वारशाविषयी, कितपत खरी माहिती देतात, हा तो प्रश्न होय. बर्लिनमधील प्रबंधापासून मृत्यूच्या दोन वर्षे आधी प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधापर्यंत त्यांनी हा धागा सोडला नाही.

बालपण आणि शिक्षण

इरावतीबाईंचे माहेरचे आडनाव करमरकर. वडील गणेश हरी करमरकर हे ब्रह्मदेशातील एका कापूस कंपनीत नोकरीस होते. तेथील इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवण्यात आले. वयाच्या सातव्या वर्षी त्यांना शिक्षणासाठी पुण्यास पाठवण्यात आले आणि हुजूरपागेच्या मुलींच्या शाळेत वसतिगृहात ठेवण्यात आले. शाळेत शकुंतला परांजपे यांच्याशी त्यांची मैत्री झाली. त्यातून फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य रँग्लर र. पु. परांजपे यांच्या घरात इरावतीबाईंना दुसरे माहेर लाभले. बुद्धिवाद, वाचन आणि मोकळी चर्चा यांचे संस्कार त्यांच्यावर याच घरात झाले.

फर्ग्युसन कॉलेजातून १९२६ साली तत्त्वज्ञान विषय घेऊन त्या बी.ए. झाल्या. दक्षिणा फेलोशिप मिळाल्यावर त्यांनी मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली समाजशास्त्राचा अभ्यास केला आणि १९२८ मध्ये एम.ए. पदवी मिळवली. चित्पावन ब्राह्मण हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. ज्या समाजात आपण जन्मलो त्याच समाजाकडे अभ्यासकाच्या दृष्टीने पाहण्याची सवय त्यांना येथेच लागली.

याच काळात त्यांचा विवाह दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी झाला. दिनकर हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र. ते फर्ग्युसन कॉलेजात रसायनशास्त्र शिकवीत आणि पुढे त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. संततिनियमनाचे प्रचारक व 'समाजस्वास्थ्य' मासिकाचे संपादक रघुनाथ धोंडो कर्वे हे इरावतीबाईंचे दीर होत.

बर्लिनमधील संशोधन

दिनकर कर्वे स्वतः जर्मनीत शिकून आले होते. पत्नीनेही तेथे जाऊन उच्च शिक्षण घ्यावे, असा त्यांचा आग्रह होता. डॉ. जीवराज मेहता यांनी दिलेल्या कर्जाच्या आधारे इरावतीबाई १९२८ च्या अखेरीस बर्लिनला गेल्या. तेथील कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता व सुप्रजननशास्त्र संस्थेत त्यांनी प्रवेश घेतला. ही संस्था १९२७ मध्ये स्थापन झाली होती आणि ऑयगेन फिशर हे तिचे संचालक होते. फिशर हे त्या काळी जर्मनीतील वंशविज्ञानाचे अग्रणी मानले जात. नाझी राजवट आल्यावर १९३३ मध्ये ते बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि त्यांच्या संस्थेने त्या राजवटीच्या वंशविषयक धोरणांना शास्त्राचा आधार पुरवला.

इरावतीबाईंना प्रबंधासाठी मिळालेला विषय मानवी कवटीच्या असमरूपतेचा होता. माणसाच्या कवटीची उजवी व डावी बाजू तंतोतंत सारखी नसते. ही तफावत वंशानुसार ठरते आणि युरोपीय वंशाच्या कवट्यांत ती एका विशिष्ट प्रकारे अधिक आढळते, असे सिद्ध होईल अशी फिशर यांची अपेक्षा होती. तसे झाले असते, तर बुद्धी व वंश यांचा संबंध कवटीच्या आकारातून दाखवणाऱ्या विचारसरणीला एक पुरावा मिळाला असता.

इरावतीबाईंनी युरोपीय आणि युरोपबाहेरील लोकांच्या कवट्यांची मापे घेतली व त्यांची तुलना केली. असमरूपता सर्वच गटांत आढळली, परंतु तिचे प्रमाण व दिशा वंशावर अवलंबून असल्याचे दिसले नाही. मार्गदर्शकाच्या अपेक्षेविरुद्ध जाणारा हा निष्कर्ष त्यांनी प्रबंधात तसाच मांडला आणि डॉक्टरेट मिळवून त्या भारतात परतल्या. परक्या देशात, कर्ज काढून शिकणाऱ्या पंचविशीच्या विद्यार्थिनीने घेतलेल्या या भूमिकेचे महत्त्व जर्मनीत पुढे काय घडले हे ठाऊक असल्यावाचून कळत नाही. मापे घेण्याचे कौशल्य त्यांनी त्या संस्थेतून आत्मसात केले. मात्र मापांतून हवा तो अर्थ काढण्याची रीत त्यांनी स्वीकारली नाही.

मुंबई आणि डेक्कन कॉलेज

भारतात आल्यावर १९३१ ते १९३६ या काळात इरावतीबाईंनी मुंबईला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या कुलसचिव म्हणून काम केले. प्रशासनात त्यांचे मन रमले नाही. १९३९ मध्ये डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झाले, तेव्हा त्या तेथे समाजशास्त्राच्या प्रपाठक म्हणून रुजू झाल्या आणि अखेरपर्यंत तेथेच राहिल्या. १९४७ मध्ये भारतीय विज्ञान परिषदेच्या मानववंशशास्त्र शाखेचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. १९५० च्या दशकाच्या आरंभी लंडनच्या पौर्वात्य व आफ्रिकी अभ्याससंस्थेत त्यांनी काही काळ अध्यापन केले.

पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया हे डेक्कन कॉलेजातील त्यांचे सहकारी. गुजरातमधील लांघणज येथे १९४० च्या दशकात झालेल्या उत्खननात दोघांनी एकत्र काम केले. तेथे मध्याश्मयुगीन मानवी सांगाडे सापडले. हाडांवरून माणूस वाचण्याचे बर्लिनमध्ये घेतलेले शिक्षण येथे उपयोगी पडले.

मापनपट्टी, कर्कटक आणि टिपणवही घेऊन इरावतीबाईंनी महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात प्रवास केला. पुण्यात स्कूटर चालवणारी पहिली स्त्री म्हणूनही त्यांचे नाव घेतले जाते.

शरीरलक्षणे, जनुके आणि जात

इरावतीबाईंनी कामाला सुरुवात केली तेव्हा भारतात शरीरमापनाचा एक वादग्रस्त वारसा अस्तित्वात होता. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या लांबी-रुंदीच्या गुणोत्तरावरून जातींची उतरंड वंशाशी जोडली होती. नाक जितके रुंद तितका जातीचा दर्जा खालचा, असा त्यांचा सिद्धान्त होता. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात आकडेवारीच्याच आधारे दाखवून दिले की, उत्तर हिंदुस्थानाच्या काही भागाबाहेर हा नियम लागू पडत नाही. म्हणजे शरीराची मापे घ्यायची की नाहीत यापेक्षा ती कोणत्या गटाची घ्यायची आणि त्यांतून काय अनुमान काढायचे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला.

या प्रश्नाचे शास्त्रीय स्वरूप थोडक्यात असे सांगता येईल. उंची, डोक्याची लांबी-रुंदी, नाकाची ठेवण, त्वचेचा रंग ही लक्षणे एखाद्या एकाच जनुकाने ठरत नाहीत. अनेक जनुकांचा थोडाथोडा परिणाम एकत्र येऊन ती घडतात. शिवाय आहार, आजार, ऊन, श्रम यांचाही त्यांवर प्रभाव पडतो. त्यामुळे जनुकांकडून लक्षणाकडे जाणारी वाट जरी निसर्गाने आखलेली असली, तरी लक्षणाकडून जनुकांकडे उलट चालत जाणे कठीण असते. सारख्या उंचीच्या दोन माणसांची जनुके वेगळी असू शकतात आणि सारखी जनुके असलेली दोन भावंडे वेगवेगळ्या परिस्थितीत वाढल्यास वेगळी दिसू शकतात. याउलट अ, ब, ओ या रक्तगटांची वाटणी एकाच जनुकाच्या तीन पर्यायी रूपांवर अवलंबून असते आणि आहाराने किंवा उन्हाने रक्तगट बदलत नाही. म्हणून विसाव्या शतकाच्या मध्यापासून संशोधक शरीरमापांच्या जोडीला रक्तगटांचा आधार घेऊ लागले. मुंबईत वि. रा. खानोलकर व ल. ध. संघवी यांनी १९४९ मध्ये सहा आंतरविवाही गटांतील सात आनुवंशिक लक्षणांची माहिती प्रसिद्ध केली. पुढे १९५३ मध्ये संघवी यांनी शरीरमापांची पद्धत आणि जनुकांची पद्धत यांची तुलना करणारा निबंध लिहिला. उत्तरेकडे प्रशांतचंद्र महालनोबीस, धी. ना. मजुमदार व सी. आर. राव यांनी संयुक्त प्रांतातील लोकांच्या मापांचे संख्याशास्त्रीय विश्लेषण याच सुमारास प्रकाशित केले.

इरावतीबाईंचे काम या परंपरेतले असले, तरी त्यांनी अभ्यासाचा घटक बदलला. त्यांच्या मते, ब्राह्मण, मराठा किंवा कुंभार अशी व्यापक नावे शरीरशास्त्रीय तुलनेसाठी निरुपयोगी आहेत. ज्या गटाच्या आत विवाह होतात आणि ज्याच्या बाहेर होत नाहीत, तो आंतरविवाही गट म्हणजे पोटजात, हाच खरा घटक होय. आनुवंशिक वारसा त्याच्याच सीमेच्या आत फिरतो. शनिवार, नारायण, सदाशिव या पुण्याच्या पेठांतून चित्पावन, देशस्थ ऋग्वेदी, देशस्थ यजुर्वेदी, कऱ्हाडे ही कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी-शेजारी नांदली. भाषा एक, देवदैवते बहुतांशी सारखी, मुलांच्या शाळाही त्याच. तरीही त्या काळी सोयरीक मात्र आपापल्या गटातच होई. बाहेरच्याला एकसंध दिसणारा ब्राह्मण समाज आनुवंशिकतेच्या दृष्टीने अशा प्रकारे अनेक कप्प्यांत विभागलेला होता.

हीच गोष्ट कुंभारांच्या उदाहरणातून त्यांनी स्पष्ट केली. महाराष्ट्रातील कुंभारांत थोरचाके, लहानचाके असे अनेक गट आहेत. त्यांचा धंदा एक असला तरी चाके वेगळी, काम करण्याची पद्धत वेगळी आणि त्यांच्यात बेटीव्यवहार नाही. धंदा समान म्हणून मूळ समान, असे मानण्यास आधार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

अर्थशास्त्रज्ञ व संख्याशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातील शरीरमापांवरील ग्रंथ १९५१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर १९५४ मध्ये कर्नाटक व ओडिशातील मापांची महाराष्ट्राशी तुलना करणारा निबंध त्यांनी लिहिला. कैलासचंद्र मल्होत्रा यांच्यासह लिहिलेला त्यांचा महत्त्वाचा निबंध १९६८ मध्ये 'करंट अँथ्रोपॉलॉजी' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. महाराष्ट्रातील समान सामाजिक दर्जाच्या आठ आंतरविवाही ब्राह्मण गटांची जीवशास्त्रीय तुलना त्यात आहे. दर्जा समान असलेले गट निवडण्यामागे विचार होता. सामाजिक दर्जा आणि शरीरलक्षण यांची रिस्ले यांनी घातलेली गाठ अशा निवडीमुळे आपोआप सुटत होती. हे गट एकाच वर्णाचे असूनही परस्परांपासून लक्षणीयरीत्या भिन्न असल्याचे निबंधात दाखवले आहे.

घुर्ये यांच्याशी मतभेद

या निष्कर्षांमुळे इरावतीबाई आपल्या गुरूपासून दूर गेल्या. पोटजाती या एका मोठ्या जातीचे तुकडे पडून निर्माण झाल्या, असे घुर्ये मानत. इरावतीबाईंनी याच्या उलट भूमिका घेतली. निरनिराळ्या मूळांचे लहान गट आधीपासून अस्तित्वात होते आणि समान धंदा किंवा समान दर्जा यांमुळे ते कालांतराने एका नावाखाली शेजारी-शेजारी आले, असे त्यांचे मत होते. 'हिंदू सोसायटी : अ‍ॅन इंटरप्रिटेशन' (१९६१) या ग्रंथात हे मत त्यांनी विस्ताराने मांडले. जातिव्यवस्थेचा उगम एखाद्या एका वर्गाच्या योजनेत शोधण्याऐवजी अनेक टोळ्यांच्या व गटांच्या सहवासात शोधावा, असा त्याचा अर्थ होतो.

या वादात एक शास्त्रीय अडचण होती. दोन गट आज भिन्न आहेत एवढ्यावरून ते आरंभापासूनच भिन्न होते, असे सिद्ध होत नाही. एकाच मूळ समाजातून थोडी कुटुंबे वेगळी झाली आणि पुढे आपसातच विवाह करू लागली, तर त्या मोजक्या पूर्वजांची जनुके सर्व वंशजांत पसरतात. लहान गटांत काही जनुकरूपे केवळ योगायोगाने वाढतात, तर काही नाहीशी होतात. अशा रीतीने फुटून निघालेले गटही काही शतकांत भिन्न होऊ शकतात. केवळ मापे व रक्तगट यांच्या बळावर या दोन शक्यतांत निवाडा करणे त्या काळी शक्य नव्हते.

पुढे जनुकसंचाच्या वाचनाने या चर्चेला नवे साधन मिळाले. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्रातील आणि अमेरिकेतील संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की, भारतातील अनेक गट मोजक्या पूर्वजांपासून वाढले असून दीर्घकाळ परस्परांपासून अलग राहिले आहेत. त्याच वेळी बहुतेक भारतीय गट दोन प्राचीन लोकसमूहांच्या कमीअधिक प्रमाणातील मिश्रणातून घडल्याचेही आढळले. २०१३ च्या अभ्यासानुसार हे मिश्रण सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी झाले आणि त्यानंतर अंतर्विवाहाची रीत घट्ट होत गेली. आंतरविवाही गट हाच अभ्यासाचा घटक असला पाहिजे, हे इरावतीबाईंचे प्रतिपादन यामुळे बळकट झाले. परंतु गटांतील भेद हा मूळच्या वेगळेपणाचाच पुरावा होय, हे त्यांचे अनुमान मात्र तितके भक्कम राहिले नाही.

नातेसंबंधांचा अभ्यास

'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' (१९५३) हा त्यांचा सर्वांत प्रसिद्ध समाजशास्त्रीय ग्रंथ. भारताचे उत्तर, मध्य, दक्षिण व पूर्व असे चार विभाग करून प्रत्येक विभागातील नात्यांची नावे आणि विवाहाचे नियम त्यांनी तपासले. उत्तरेत आप्तांशी आणि बहुधा गावातल्या गावात विवाह निषिद्ध असतो, तर दक्षिणेत मामा-भाची व आते-मामे भावंडांचे विवाह रूढ आहेत. महाराष्ट्र या दोहोंच्या सीमेवर असून येथे अनेक समाजांत मामाची मुलगी करणे चालते, पण आत्याची मुलगी करणे टाळले जाते. शरीरमापनाच्या कामाशी या अभ्यासाचा निकटचा संबंध आहे. कोणी कोणाशी विवाह करावा याचे नियम बदलले की पुढच्या पिढीतील जनुकांची वाटणीही बदलते. रूढी आणि आनुवंशिकता यांचा असा एकत्र विचार करणारे अभ्यासक त्या पिढीत थोडे होते.

उत्तरायुष्यात त्यांनी प्रत्यक्ष सामाजिक प्रश्नांवरही काम केले. जय निंबकर यांच्यासह केलेली कोयना धरणग्रस्तांची पाहणी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. 'महाराष्ट्र : लँड अँड इट्स पीपल' हा ग्रंथ १९६८ चा.

मराठी लेखन

इरावतीबाईंच्या ललित निबंधांनी मराठी निबंधाला नवे वळण दिले. 'परिपूर्ती' या निबंधात अमक्याची मुलगी, तमक्याची सून, अमक्याची पत्नी अशा ओळखी मिरवणारी एक विदुषी रस्त्यावरच्या मुलांनी आपल्याला वर्गमित्राची आई म्हणून ओळखल्यावर कशी सुखावते, याचे मिस्कील चित्रण आहे. पंढरीच्या वारीवरील त्यांचा निबंधही प्रसिद्ध असून दिनकर कर्वे यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद १९६२ मध्ये अमेरिकेत प्रकाशित झाला. एकाच दिंडीत चालणारे वारकरी जेवणाच्या वेळी जातीनुसार वेगळे बसतात, हे त्यांच्या नजरेने टिपले. पोटजातींच्या सीमा मोजणारी संशोधक येथे त्या सीमांनी व्यथित झालेली दिसते.

'युगान्त' मध्ये त्यांनी महाभारतातील व्यक्तींकडे देवत्व बाजूला ठेवून माणूस म्हणून पाहिले. विदुर हाच युधिष्ठिराचा जन्मदाता असावा का, याची त्यातील चर्चा नातेसंबंधांच्या अभ्यासकालाच सुचावी अशी आहे. या ग्रंथास १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

मूल्यमापन

इरावतीबाईंच्या कामावर टीकाही झाली आहे. जगभर शरीरमापनाची पद्धत मागे पडत असताना त्यांनी ती दीर्घकाळ धरून ठेवली, असा एक आक्षेप आहे. नातेसंबंधांच्या अभ्यासात त्यांनी हिंदू समाज व संस्कृत ग्रंथ यांना मध्यवर्ती स्थान दिले आणि इतर समाजांना पुरेशी जागा दिली नाही, हा दुसरा आक्षेप होय. जात ही सत्तेची व विषमतेची रचना आहे, ही बाजू त्यांच्या विवेचनात दुय्यम राहते, असेही अभ्यासकांनी म्हटले आहे. बर्लिनच्या संस्थेतील कवट्यांपैकी काही वसाहतींतून आणलेल्या होत्या, याकडेही अलीकडे लक्ष वेधले गेले आहे.

असे असले तरी, आकडे स्वतः गोळा करणे आणि ते अपेक्षेविरुद्ध गेले तरी दडवून न ठेवणे, ही त्यांनी घालून दिलेली शिस्त पुढच्या पिढीने स्वीकारली. त्यांचे सहकारी मल्होत्रा यांनी लोकसमूहांच्या जनुकशास्त्रात भरीव काम केले. तसेच माधव गाडगीळ यांच्यासह आंतरविवाही गटांचा परिसरशास्त्रीय दृष्टीने अभ्यास केला.

११ ऑगस्ट १९७० रोजी पुण्यात झोपेतच इरावतीबाईंचे निधन झाले. लेखिका जय निंबकर, लेखिका गौरी देशपांडे आणि वनस्पतिशास्त्रज्ञ आनंद कर्वे ही त्यांची अपत्ये. त्यांची नात ऊर्मिला देशपांडे आणि थियागो पिंटो बार्बोसा यांनी लिहिलेले 'इरू' हे त्यांचे इंग्रजी चरित्र २०२४ मध्ये प्रकाशित झाले. त्यानंतर बर्लिनमधील प्रबंधाची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे.

प्रकाशित साहित्य (निवडक)

मराठी
- परिपूर्ती (१९४९)
- मराठी लोकांची संस्कृती (१९५१)
- भोवरा (१९६०)
- युगान्त (१९६७)
- गंगाजल (१९७२, मरणोत्तर)

इंग्रजी
- अँथ्रोपोमेट्रिक मेझरमेंट्स ऑफ महाराष्ट्र (१९५१, वि. म. दांडेकर यांच्यासह)
- किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया (१९५३)
- हिंदू सोसायटी : अ‍ॅन इंटरप्रिटेशन (१९६१)
- महाराष्ट्र : लँड अँड इट्स पीपल (१९६८)